पाठीची पसंती

आमच्या घरात कुठलीही वस्तू आईच्या पाठीला विचारल्याशिवाय येत नाही. सोफा, गादी, गाडी, सगळ्यावर आधी ती बसून बघणार. पाठ कुरकुरली नाही, तरच ती वस्तू आमचा उंबरठा ओलांडते.

म्हणून मला लांब पल्ल्यासाठी सायकल घ्यायची ठरल्यावर मी तिलाच दुकानात घेऊन गेले. पहिल्या दोन सायकलींवर बसून तिने नाक मुरडलं. "एवढं वाकायचं म्हणजे काय, मी रस्त्यावर पडलेली सुई शोधतेय का?"

दुकानदाराने मग कार्बन फायबरची हलकी सायकल काढली. "काकू, हिचं हँडल उंच, टायर रुंद, आणि फ्रेम सगळे धक्के पोटात घालते. दिवसभर चालवा, पाठ बोलणार नाही."

"पाठ माझी आहे. काय बोलायचं ते तिला ठरवू द्या," म्हणत आईने हेल्मेट चढवलं. "कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेच."

कोपरा समोर दिसत होता, आई दिसत नव्हती. दुकानदार आधी दारात जाऊन उभा राहिला, मग थेट रस्त्यावर. तास उलटला. आई फोन उचलेना, तशी माझी पाचावर धारण बसली. शेवटी तिचाच फोन आला.

"अगं, मावशीकडे पोचले."

"मावशीकडे? गावाच्या त्या टोकाला? आणि पाठ?"

"कुठली पाठ?"

मी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे हीच घेऊ ना?"

"ही मी घेतली. तू तुझ्यासाठी दुसरी बघ. हवं तर बसून बघायला येते मी."