मागचं दार

काका गाडीपाशी येऊन उभे राहिले, तरी बाबा काही उतरेनात.

काकांच्या नव्या घराच्या अंगणात वास्तुशांतीला सगळं गणगोत जमलं होतं. जेवणं अडली होती. दोघा भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. काकूने फोनवर रडून-भेकून आज बाबांना यायला लावलं, आणि बाबा आले ते मागच्या सीटवर बसूनच राहिले. काचा बंद. चेहरा दगडी.

बाबांचा मुलगा छोट्या हे घराच्या खिडकीतून बघत होता. छोट्या चाळिशीला आला होता, पण घरच्यांना ते कोणी कळवलं नव्हतं. गाडी लावल्या लावल्या तो डिकीतलं भेटीचं भलंमोठं घड्याळ उचलून आत आला होता. बाबा येतीलच मागून, असं समजून. बाबा हट्टाने बसलेत असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांना उतरताच येत नाहीये, हे एकट्या छोट्याला माहीत होतं.

मध्यंतरी बाबांनी मागे न बघता गाडीचं दार उघडलं आणि एक सायकलवाला थेट दारावर आला. नशीब, गुडघे फुटण्यावर निभावलं. त्याच संध्याकाळी छोट्याने मागच्या दोन्ही दारांच्या कडेचा चिमुकला खटका गुपचूप खाली केला. चाइल्ड लॉक. लहान मुलांसाठी असतं ते. एकदा लावलं की दार आतून उघडत नाही, बाहेरून कोणीतरी उघडावं लागतं. तेव्हापासून गाडी थांबली की छोट्या लगबगीने उतरायचा आणि बाबांसाठी दार उघडायचा. बाबा काही बोलायचे नाहीत. पोरगं सुधारलं, असं समजत असावेत.

सांगणार तरी कोणत्या तोंडाने? बाबा स्वतः जन्मभर ड्रायव्हर. एका कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी चालवली त्यांनी. आणि काकांशी भांडण झालं तेही दारावरूनच. भर पाहुण्यांत काका हसत म्हणाले होते, "आमच्या दादाचं काय! लोकांची दारं उघडण्यात जन्म गेला." बाबा भरल्या ताटावरून उठले होते.

छोट्या अनवाणीच बाहेर धावला. आत्याने त्याचं मनगट पकडलं.

"तू मध्ये पडू नकोस. भावाभावांचं आहे, मिटवतील ते."

"अगं आत्या, ते दार..."

"दाराचं काय ते सगळ्यांना माहितीये!"

गाडीत बाबांचा हात दाराच्या बाजूला खाली गेला. खांदा गदागदा हलायला लागला. कडी ओढताहेत बिचारे, छोट्याला कळलं.

"अगं बाई, रडतोय गं माझा भाऊ!" आत्या म्हणाली आणि सोबत म्हणून स्वतः रडू लागली.

बाबांनी काचेआडून तळहात हलवला. उघडत नाही, असं. "माफीबिफी नको म्हणताहेत," आत्याच्या यजमानांनी अर्थ लावला. मग ते स्वतःच पुढे झाले आणि काचेला तोंड लावून त्यांनी मागे नेलेली शिडी परत न केल्याबद्दल माफी मागून घेतली. शिडीचा विषय कोणी काढला नव्हता, पण संधी बरी होती. शेजारचे गृहस्थ कोणीतरी बेशुद्ध पडलंय असं समजून पाणी घेऊन आले. ते पाणी आत्या प्यायली.

छोट्याने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. पण मग गाडीवर लागलेले सगळे डोळे आपल्यावर वळतील, या विचारानेच त्याचे कान तापले. त्याने तोंड मिटलं. खिशातली किल्ली मुठीत आवळून तो आपण कोंडलेल्या बापाकडे बघत उभा राहिला.

मग काका वाकले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. दुसरा हात दाराच्या वरच्या कडेला लावला, डोकं आपटू नये म्हणून. बाबा साहेबांसाठी लावायचे, अगदी तसा.

"उतर दादा," काका म्हणाले. "फार वाईट बोललो रे मी तेव्हा."

बाबा उतरले. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, जेवू. लोक खोळंबलेत." जसं काही लोकांना काकांनीच खोळंबवलं होतं.

दिवसभर जो तो छोट्याला गाठून सांगत होता, "तुझे बाबा म्हणजे स्वाभिमानी माणूस हो!" छोट्या दरवेळी मान खाली घालत होता. लोकांना तो फार नम्र वाटला.

परतल्यावर त्याने घरासमोर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगशीच बोलावं तसं तो बोलला.

"बाबा, आज तुम्ही आत अडकलात ते माझ्यामुळे. मागच्या दारांना मुलांचं लॉक मी लावलंय. त्या सायकलवाल्याच्या दिवशी. तुम्हाला सांगायची लाज वाटली. आणि आज सगळ्यांसमोर कबूल करायचीही."

बाबांनी बेल्ट सोडला. मान वळवून मागच्या काचेतून रस्ता नीट बघितला. एक स्कूटर येत होती, ती जाऊ दिली. मग त्यांनी आतली कडी ओढली आणि दार खटकन उघडलं.

छोट्याला तो गदागदा हलणारा खांदा आठवला.

"दुसऱ्याच दिवशी गाडी पुसताना खटके वर केले होते मी," बाबा म्हणाले. "पण तू धावत यायचास दार उघडायला. बरं वाटायचं रे."