उद्याची तारीख

"आज एकतीस तारीख विषम, उद्या एक तारीख, तीही विषम! म्हणजे सलग दोन दिवस तुमचीच दुकानं उघडी?" तोडकरी मिठाईवाले मास्क हनुवटीखाली ओढून ओरडले. साथीमुळे नगरपालिकेनं पेठेच्या एका बाजूला सम तारखा दिल्या होत्या, दुसऱ्या बाजूला विषम. "आज तुमचं, उद्या आमचं, असं धरून मी खवा आणला. परवापर्यंत तो आंबेल!"

"मग कॅलेंडर काय आम्ही छापलं?" समोरचे भांडीवाले कोथळे म्हणाले.

दोघेही गुरुजींच्या हाताखाली शिकलेले, म्हणून लोकांनी गुरुजींना बोलावलं. चौथीच्या मुलांना सांगावं तसं त्यांनी समजावलं. "अरे कोथळ्या, भांडी नासत नाहीत, खवा नासतो. उद्याचा दिवस त्याला दे, परवाचा तू घे. मिटलं!"

"प्रश्न दिवसाचा नाही, गुरुजी. तत्त्वाचा आहे!" कोथळे उसळले.

मग तत्त्वासाठी सगळी पेठ जमली आणि एकमेकांच्या तोंडाशी जाऊन भांडू लागली. "लांब उभे राहा रे!" म्हणता म्हणता गुरुजींचा घसा बसला. तेवढ्यात नगरपालिकेची गाडी आली. साहेबांनी ती गर्दी पाहिली आणि पुढचा हुकूम येईपर्यंत दोन्ही बाजू बंद करून टाकल्या.

तोडकरी पायरीवर मटकन बसले. खवा टाकवेना, म्हणून संध्याकाळी त्यांनी पेढे वळले आणि घरोघर फुकट पाठवले.

कोथळ्यांनी पहिला पेढा तोंडात टाकला आणि गॅलरीतून हाक मारली, "गुरुजी, चाखून बघा. साखर जरा कमीच घातलीय यानं!"