मुलं किती?

‘‘काका, मुलं किती तुम्हाला?’’ ब्रदरने विचारलं.

मास्तरांनी छताकडे बघितलं. ‘‘एक मुलगी.’’

‘‘बरोबर,’’ ब्रदर म्हणाला आणि त्यांच्या गालाला दाढीचा साबण लावू लागला.

पोरगं अभिनयात इतकं तयार असेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यावर डोकं ठिकाणावर आहे की नाही हे बघायला या वॉर्डात रोज सकाळी प्रश्न विचारायचे. वार कोणता, हे ठिकाण कुठलं, मुलं किती. पण सख्ख्या बापाला हे विचारायचं, ‘एक मुलगी’ हे उत्तर ऐकून घ्यायचं आणि वर पापणीही न हलवता ‘बरोबर’ म्हणायचं, म्हणजे कमाल झाली. नाटक कंपनीत गेला असता तर नाव काढलं असतं.

अर्थात अट त्यांचीच होती. मुलाने नर्सिंगला प्रवेश घेतला त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, चारचौघांत मला बाप म्हणायचं नाही. मास्तर म्हणजे शाळेतले व्यायामशिक्षक. लोकांच्या पोरांना जोरबैठका काढायला लावून त्यांनी पुरुष केलं आणि घरचं पोर म्हणे बेडपॅन उचलणार.

‘‘पुरुषाला शोभतं का हे?’’ त्यांनी विचारलं होतं.

‘‘आजारी माणूस जड असतो, बाबा,’’ मुलगा म्हणाला होता. ‘‘उचलायला कुणीतरी लागतंच.’’

तेव्हापासून अबोला. आणि आता दैवाने त्यांना आणून टाकलं ते त्याच्याच वॉर्डात. त्याच्या तोंडाला सदानकदा मास्क असायचा, पण म्हणून काय बाप पोराचे डोळे विसरतो? मास्तरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि गप्प राहिले. भेटायला येणाऱ्या मुलीलाही पत्ता लागू दिला नाही.

एकच गोष्ट खटकली. पोरगं डावखुरं. लहानपणी फूटपट्टी मोडेपर्यंत हाणलं तरी हात बदलला नव्हता, आणि आता रेझर उजव्या हातात. म्हणजे बापाला जे जमलं नाही ते या नोकरीने करून दाखवलं. मास्तरांनी मनातल्या मनात नोकरीला एक गुण दिला. पहिलाच.

‘‘अजून राग आहे का?’’ आसपास कुणी ऐकत नाही असं बघून त्यांनी हळूच विचारलं.

‘‘राग कसला, काका? मान जरा वर करा.’’

एवढा मोठेपणा पोराने कुठून आणला कोण जाणे. आपल्याकडून तर नक्कीच नाही.

शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. माणूस म्हणजे स्वतःच एक ट्रक. ब्रदर त्याला कूस बदलून द्यायचा तेव्हा खाट कुरकुरायची, ब्रदर नाही. ड्रायव्हरची दोन्ही पोरं मोठी साहेब होती. येत, नाकाला रुमाल लावून दारातच उभी राहत आणि बापाची तब्येत बापालाच विचारून निघून जात. ड्रायव्हर ते हसत हसतच सांगायचा. एकदा मात्र हसला नाही.

‘‘हा कुणाचा असेल हो, मास्तर? नशीबवान असणार बाप.’’

मास्तरांना तोंड फिरवायचं होतं. पण झटक्यानंतर त्यांना एकाच कुशीवर वळता यायचं, आणि त्या कुशीला नेमका ड्रायव्हर होता.

त्याच दुपारी अंथरुणातच त्यांचं पोट बिघडलं. मास्तरांनी कुणाला हाक मारली नाही. डोळे मिटून पडून राहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. ब्रदरने काही न विचारता पडदा ओढला. टेबल पुसावं तसं त्यांना पुसलं, कोरडं केलं, चादर बदलली, आणि हे सगळं करताना बाहेर ऊन किती वाढलंय यावर बोलत राहिला. नाक आक्रसलं नाही, घाई केली नाही. जाताना त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडीही लावून गेला.

मास्तर पडद्याआड रडले. घाणीची लाज त्यात थोडीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रदर आला. वार विचारला, ठिकाण विचारलं.

‘‘आणि मुलं किती, काका?’’

मास्तरांचं तोंड वाकडं झालेलं, शब्द धड निघत नसत. त्यांनी शाळेच्या मैदानावर कवायतीचा हुकूम द्यावा तसा श्वास भरून घेतला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले.

‘‘एक मुलगी. आणि एक मुलगा. हा. हा माझा मुलगा आहे. नर्स आहे.’’

ब्रदर ‘बरोबर’ म्हणाला नाही. त्याचा हात मास्तरांच्या खांद्यावर तसाच राहिला.

‘‘हो, बाबा,’’ तो म्हणाला.

ड्रायव्हरने कपाळावर हात मारून घेतला. एवढा ऐवज घरात असून माणूस दडवून ठेवतो म्हणजे काय, असं तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता. मास्तर ऐकत होते आणि वाकड्या तोंडाने हसत होते.

संध्याकाळी मुलगी आली. मास्तरांनी तिला खाली बसूसुद्धा दिलं नाही. आधी दादाला भेट म्हणाले, तो बघ, दाराबाहेर उभा आहे. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळून बाहेर गेली.

दाराच्या काचेतून दोघं दिसत होते. मुलीने तोंडावर हात धरला होता. मास्तरांनी ड्रायव्हरला अभिमानाने सांगितलं, भाऊ-बहीण आहेत, किती दिवसांनी भेटताहेत बघ.

बाहेर ब्रदर आपली ओळख करून देऊन तिची माफी मागत होता. दाखल करताना तुम्ही काकांना एकच मुलगी असल्याचं सांगितलं होतं, म्हणाला. काकाही रोज एक मुलगी असं बरोबर सांगायचे. आज मात्र चुकले. मलाच मुलगा म्हणाले, आणि माझ्याच्याने नाही म्हणवेना. डॉक्टरांना सांगायला हवं, स्मरणशक्ती ढासळतेय.

‘‘चुकले नाहीत,’’ मुलगी म्हणाली. ‘‘भाऊ होता मला. नर्सच होता. साथ आली तेव्हा ड्यूटीवर असतानाच गेला.’’ काचेपलीकडे मास्तर चांगला हात वर करून दोघांना आत बोलावत होते. ‘‘बाकी सगळं आठवतं त्यांना. दादा गेला, तेवढंच विसरलेत.’’