उणे बावीस

अमेरिकेत शिकणारा नातू जुलैच्या सुट्टीत शारजाला आजीकडे आला, तो जानेवारीतल्या फुटबॉल प्लेऑफची व्हिडिओ कॅसेट घेऊनच. “उणे बावीस डिग्री, आजी! स्टेडियममध्ये शेवटपर्यंत बसलो!” टीव्हीवर बर्फातल्या गर्दीत तो उघडाबंब, छातीला हिरवा रंग फासून नाचत होता. गिरिजाबाई कडाडल्या, “मी विणलेला स्वेटर काय खुंटीला घातलास, मेल्या?” “रिलॅक्स आजी, वी वन!” फणकारत त्यांनी उकळत्या चहाचा स्टीलचा पेला पुढे ठेवला. “फडक्यानं धर!” म्हणेपर्यंत त्यानं तो मुठीत घेतलासुद्धा. “भाजत नाही?” “या बोटांना कळतच नाही काही, त्या मॅचपासून,” तो पुटपुटला. “डॉक्टर म्हणतात, नसा खलास.”  गिरिजाबाईंनी उठून एसी बंद केला. घर घामानं निथळू लागलं, पण एसी लावा म्हणायची कुणाची टाप नव्हती. पडद्यावर बर्फ पडतच होता. गिरिजाबाई नातवाची बोटं चोळत राहिल्या.