थोरल्याचं व्हायोलिन

पियानोवाली कधीतरी आपल्याकडे बघेल म्हणून थोरला वर्षानुवर्षं तिच्या खोलीबाहेर व्हायोलिन वाजवत बसला. धाकटा दार ढकलून आत शिरला. आज मैफलही धाकट्याची आणि तिचीच होती. पडदा उघडणार तोच धाकट्याच्या व्हायोलिनची खुंटी मोडली. “दादा, तुझं दे ना!” “माझं व्हायोलिन कुणाला देत नाही.” थोरल्याने पेटी छातीशी धरली. मनात उकळ्या फुटत होत्या. आता तिच्या साथीला आपल्याशिवाय आहेच कोण? तेवढ्यात ती पुढे आली. कालपर्यंत त्याला अरेतुरे करणारी ती हळूच म्हणाली, “द्या ना, भाऊजी.” धाकटा लाजून खाली बघू लागला. थोरल्याला कळायचं ते कळलं. त्याने मुकाट्याने पेटी उघडली. विंगेतून त्याने आपलंच व्हायोलिन ऐकलं. इतकं गोड त्याच्या हातात कधी वाजलं नव्हतं. शेवटी पहिली टाळी थोरल्याचीच पडली. हातांनी त्याला विचारलंच नाही.