एकदा जरी पडलीस

निवृत्त नर्सबाई स्वयंपाकघरात घसरून पडल्या. उजवा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तेव्हाच त्यांना कळलं, खुबा मोडलाय. मुलीने बजावूनच ठेवलं होतं, “आई, आता एकदा जरी पडलीस, तर घराला कुलूप आणि तू वृद्धाश्रमात.” तसल्या ठिकाणांहून आलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठीवरच्या जखमा नर्सबाईंनी नोकरीभर धुतल्या होत्या. खिशातला फोन वाजला. मुलगीच होती. “काय करतेयस?” “फरशी पुसतेय.” “धाप का लागलीय?” “या वयात लागायचीच. बाकी ठणठणीत आहे.” “मग रविवारी चक्कर मारते.” आज सोमवार होता. दाराला आतून कडी होती, पाण्याची बाटली वर ओट्यावर. “ऐक ना...” नर्सबाई वर बाटलीकडे बघत म्हणाल्या. “काय गं?” “काही नाही. सवडीनं ये.” फोन बंद करून त्यांनी हाताशी आलेलं पायपुसणं ओढलं, नीट घडी घातली आणि डोक्याखाली घेतलं.