नोकरीचा रकाना

मेरिबेथच्या हातून केकवरचं तिसरं फूलही बिघडलं. तिने सुरीच्या टोकाने ते क्रीम खरवडून काढलं आणि कोन पुन्हा हातात घेतला.

बाहेर फुटपाथवर आठ-दहा माणसं पाट्या धरून उभी होती. आज बहिष्काराचा बारावा दिवस. ‘झेलिंका बेकरीचा पाव म्हणजे त्यांना मत’ असं एका पाटीवर लिहिलं होतं. काउंटरवर कोलाचींचे, जर्दाळू भरलेल्या गोड पावांचे, ट्रे सकाळी भरले तसेच होते. सगळ्या ऑर्डरी एकेक करून रद्द झाल्या होत्या. हा लग्नाचा तीन मजली केक तेवढा राहिला होता आणि तो दोन वाजता चर्चच्या हॉलवर पोचायला हवा होता.

“एक डॉलर दिलेला नाही मी कोणाला,” लेनर्ड झेलिंका पुन्हा म्हणाला. बेकरी त्याच्या आजोबांपासूनची. “आणि त्या पक्षाला तर मेलो तरी देणार नाही! समोरच्या हार्डवेअरवाल्याने त्यांना दिले म्हणून दोन वर्षं मी साधा खिळा आणायला पस्तीस मैल जातोय. आणि त्यांच्या देणगीदारांच्या यादीत नाव कोणाचं? माझं!”

बेकरीत कामाला असलेली मेरिबेथ खाली मान घालून पाकळ्या काढत राहिली. बारा दिवस ती यावर काहीच बोलली नव्हती.

दाराची घंटी वाजली. पाटी बाहेर ठेवून कोरीन आत आली. ती शाळेत शिक्षिका होती. दर शुक्रवारी सगळ्या शिक्षकांसाठी दोन डझन कोलाची न्यायची. आता पाट्या रंगवायचं कामही तिच्याकडेच होतं.

“मिस्टर झेलिंका, तुम्ही दिले नाहीत म्हणता ते खरं आहे,” म्हणत तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. “फोनवर फिरतेय त्या यादीत नुसतं दुकानाचं नाव येतं. मी सरकारी नोंद काढली. देणगी देताना नोकरी कुठे करता तेही लिहावं लागतं. तुमच्या इथल्या कोणीतरी दिलेत. नाव आहे यात.”

“मग काढा की मला यादीतून.”

“काढू. पण लोक विचारणार, तो माणूस अजून तिथेच आहे का?”

लेनर्डने कागद घेतला, पण उघडला नाही. “चौघं कामाला आहेत इथे,” तो म्हणाला. “चौघांना मीच निवडलंय.”

“वाचा तर खरं.”

त्याने चष्म्यासाठी खिसे चाचपले. मुठीच्या उबेने कोनातलं क्रीम पातळ होऊन मेरिबेथच्या मनगटावर ओघळलं.

“नको वाचूस, लेन,” ती म्हणाली. “मी आहे ती.”

“चेष्टेची वेळ आहे का ही?” तो हसला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तू? त्यांच्या त्या उमेदवाराला?”

“मिल बंद पडली त्या दिवशी गेटवर तो एकटाच आला होता. पावसात माझ्या हॅरोल्डशी तासभर बोलत उभा होता. तुमच्या बाजूचं कोणी फिरकलं तरी का?”

“आणि नंतर तो काय काय बरळला, ते ऐकलंस?”

“ऐकलं.”

“तरी?”

“दर महिन्याला खात्यातून आपोआप जातात. थोडेसेच. बंद करावेत असं दोनदा वाटलं.” तिने मनगट अॅप्रनला पुसलं. “नाही केले.”

कोरीन तिच्याकडे बघत नव्हती. कोरीनच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसापासूनचे सगळे केक मेरिबेथने केले होते.

“मग, मिस्टर झेलिंका?” कोरीनने हळूच विचारलं. “बाहेर काय सांगू?”

लेनर्डने कागद न उघडताच खिशात घातला आणि घड्याळाकडे पाहिलं. “पावणेदोन झालेत. लग्न लागतंय तिकडे. दार धर, कोरीन.”

कोरीनने दार धरलं. केकची फळी लेनर्ड आणि मेरिबेथने दोन्हीकडून उचलली. लेनर्ड उलट्या पावलांनी चालत होता.

“पायरी,” मेरिबेथ म्हणाली. “अजून एक.”

त्याने मागे न बघता पाय खाली टाकला. माणसं बाजूला सरली. एकाने फोन वर धरला होता. “नोंदीतली ती हीच का?” कोणीतरी विचारलं. कोरीनने दार ओढून घेतलं.

केक व्हॅनमध्ये ठेवून लेनर्डने मागचं दार लावलं.

“हॉलवर उतरवून घ्यायला माणसं आहेत. तू थांब.”

“लेन, सोमवारी येऊ ना मी?”

तो किल्ली हातात घेऊन उभा राहिला. “आधी मला विचारलं असतंस तर...”

“तर नको म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो.”

तो व्हॅनमध्ये बसला. इंजिन चालू झालं, मग काच खाली आली.

“चारला ये,” तो समोर बघत म्हणाला. “पहाटे.”

व्हॅन कोपऱ्यावरून वळली. मेरिबेथ पाट्यांच्या मधे एकटी उभी राहिली. बावीस वर्षं ती पहाटे चारलाच येत होती. पहिला दिवस सोडला तर कामाची वेळ त्याने तिला कधी सांगितली नव्हती; आज नव्या माणसाला सांगावी तशी सांगितली.